गॅरेजवाल्या काकांना, दोन वर्षं उशिराने

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा पहाटे पाचला किल्ली फिरवली आणि गाडी नेहमीसारखी पहिल्या झटक्यात सुरू झाली. शेजारी आप्पा डोळे मिटून बसले होते. आठवड्यातून तीनदा, डायलिसिसच्या प्रत्येक फेरीला ती दोन वर्षं अशीच सुरू होत आलीय. गाडीपायी आम्हाला एकदाही उशीर झाला नाही. बाहेर अजून अंधार होता, आणि मला एकदम जाणवलं की हे ज्यांच्यामुळे शक्य झालं त्यांचे मी धड आभारसुद्धा मानलेले नाहीत. समोर आले की तुम्ही हातातला पाना खाली न ठेवता विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या आणखी कोणाच्या हे कामी आलं तर तुम्हाला बरंच वाटेल.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या मनात गाडी ठरलेली होती. काळी, मोठी, ऑटोमॅटिक, टर्बो डिझेल, वर काचेचं छत. नवी असताना माझ्या स्वप्नातही न बसणारी ती गाडी दहा वर्षांनी माझ्या बजेटात येऊन उभी होती. तुम्ही ती पाहायलासुद्धा आला नाहीत. फक्त विचारलंत, "रोज किती चालवणार?" हॉस्पिटल सहा किलोमीटरवर आहे म्हटल्यावर मान हलवलीत. मला तेव्हा तुमचा राग आला होता, काका. हे आज सांगून टाकते.

मग तुम्ही बाकड्यावर बसवून समजावलंत. अशा डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळायची तर धूर बराच वेळ चांगला तापलेला राहावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग पळायला हवी. सहा किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीला ते जमतच नाही. गाळणी तुंबत जाते आणि शेवटी बदलावी लागते. वर टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्या छताची मोटर. "गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची उतरत नाही," तुम्ही म्हणालात. "बिल अजून नव्या गाडीचंच येतं." हे एक वाक्य मी तेव्हापासून किती जणांना ऐकवलं असेल!

आपण काय शोधतोय ते तुम्ही माझ्याच हाताने वहीत लिहायला लावलंत. टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. हाताने टाकायचे गिअर. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवणारं नको, आधी इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येते त्या वाटेवर, फवारणारं जुन्या पद्धतीचं हवं, कारण त्या फवाऱ्याने इनटेक व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात आणि त्यांच्यावर कार्बनचा थर बसत नाही. आणि व्हॉल्व्ह-पिस्टनचा मेळ राखायला शक्यतो टायमिंग बेल्टऐवजी चेन. बेल्ट असला तरी गाडी वाईट नव्हे, पण तो कधी बदलला याचं बिल दाखवता आलं पाहिजे. बेल्ट रबराचा, गाडी उभी असली तरी तो वयाने पिकतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि एका क्षणात इंजिन खोलायची वेळ येते. तुम्ही एक वाकलेला व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवलात. बोटाएवढी दांडी, जराशी कललेली, डोळ्यांना जेमतेम कळेल इतकी. तेवढ्यावर एक गाडी भंगारात गेली होती. तो व्हॉल्व्ह अजून माझ्या टेबलावर आहे.

मॉडेल निवडताना तुमचा हिशेब साधा होता: जी भरपूर विकली गेली, भरपूर वर्षं चालली आणि जिचे पार्ट कुठेही मिळतात ती. टोयोटाची कोरोला १९६६ साली आली आणि २०२१पर्यंत जगभरात पाच कोटींहून जास्त विकली गेली. एवढ्या गाड्या रस्त्यावर असल्या की पार्ट बनवणारे पुष्कळ, ओळखीचा मेकॅनिक पुष्कळ आणि गाडीच्या खोडीही सगळ्यांना पाठ. पण नाव बघून भुलू नकोस, हेही तुम्हीच बजावलंत. चांगल्या मॉडेलची हाल करून वापरलेली गाडी शेवटी हाल झालेलीच असते.

याचा पुरावा दुसऱ्याच रविवारी मिळाला. हवं तेच मॉडेल, रंग चकचकीत, आतून स्वच्छ. मालक हसतमुख. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि बोलता बोलता सहज बॉनेटवर तळहात टेकवलात. तुमचा चेहरा बदलला नाही, पण मला खूण केलीत. मी हात लावला तर पत्रा गरम. आदल्या दिवशी फोनवर आपण मुद्दाम सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं, म्हणून सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत ढिल्या चेनचा खडखडाट ऐकू येतो, व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेल्या ऑइलचा निळा धूर दिसतो. तापलेलं इंजिन हे सगळं पोटात ठेवतं.

तरीही तुम्ही घाईने निकाल दिला नाहीत. खिशातलं ते छोटं स्कॅनर काढून डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावलंत. एरर कोड एकही नव्हता. मी म्हटलं, चांगलंय की! तुम्ही स्क्रीन माझ्याकडे फिरवलीत. गाडीचा कॉम्प्युटर चालता चालता स्वतःच्या काही तपासण्या करत असतो, आणि कोड पुसले की त्या तपासण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात. इथे बहुतेक सगळ्या 'अपूर्ण' होत्या. म्हणजे कोड बहुधा नुकतेच कोणीतरी पुसलेले. मालकांशी तुम्ही एका शब्दाने वाद घातला नाहीत. आभार मानलेत आणि आपण निघालो. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल जे वाटलं ते वेगळंच होतं. माणसाला न दुखावता नाही म्हणता येतं, हे मी तिथे पाहिलं.

आणि मग ही, आपली. २०१०ची पेट्रोल कोरोला, डाव्या मागच्या दाराला पोचा, एका कोपऱ्यात रंग उडालेला. मला आवडली नव्हती. तुम्ही मात्र मालकीणबाईंनी आणलेली फाइल उघडून बसलात आणि वीस मिनिटं मान वर केली नाहीत. प्रत्येक ऑइल बदल, कूलंट, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, तारखेसकट आणि किलोमीटरसकट. पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झीज त्या आकड्यांशी जुळत होती. इंजिन गार. ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरल्याची खूण नाही. चारही टायरवरचे शेवटचे चार आकडे मला वाचायला लावलेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मॅट उचलून तळाचा पत्रा दाखवलात, कोरडा आणि गंज नसलेला. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवून हळू गोल फिरवायला सांगितलंत आणि काच खाली करून दोघांनी ऐकलं. कटकट नाही, म्हणजे एक्सलचे सांधे शाबूत. क्लच मात्र बराच वर धरत होता, म्हणजे झिजत आलेला. ते तुम्ही मालकीणबाईंना सरळ सांगितलंत, आणि त्यांनी तेवढे पैसे आनंदाने कमी केले.

"पोचा दिसतो म्हणून लोक सोडतील," एवढंच तुम्ही म्हणालात. घे म्हणाला नाहीत. तीन रविवार स्वतःचे घालवून शेवटचा निर्णय माझ्यावर सोडलात. मला यातलं काही कळत नाही असं मानणारी माणसं मला त्या महिन्यात पुष्कळ भेटली होती. तुम्ही एकटे असे, की मला कळेपर्यंत थांबलात.

सगळे पैसे गाडीतच घालू नकोस, सहावा भाग तरी मागे ठेव, हा तुमचा आग्रह होता. त्यातून क्लच झाला, सगळी तेलं, फिल्टर आणि प्लग झाले, बॅटरीही निघाली. नंतरच्या दोन वर्षांत पुढचे ब्रेक पॅड आणि अल्टरनेटरचं बेअरिंग, बस. एअर फिल्टर आणि प्लग आता मी स्वतः बदलते. दर रविवारी डिपस्टिक पुसून ऑइल बघते आणि तुम्ही दिलेल्या त्याच वहीत लिहिते. पोचा तसाच आहे.

आप्पांची तब्येत वरखाली होत असते. काही पहाटे फार जड जातात. त्या पहाटे गाडीची काळजी मला करावी लागत नाही, सगळं लक्ष त्यांच्याकडे देता येतं. तुम्ही मला नेमकं काय दिलंत ते विचाराल तर हेच. काका, मनापासून आभार.

एक काम आहे. आठवडाभर पुढच्या डाव्या बाजूने टकटक येतेय. सरळ रस्त्यावर नाही, स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर नाही, फक्त एकच चाक खड्ड्यात उतरलं की. जॅक लावून पाहिलं तर चाकाच्या सस्पेंशनला जोडलेल्या लिंक रॉडचं रबर फाटलंय आणि हाताने हलवली की खेळतेय. माझ्या मते तीच आहे. पार्ट आणून ठेवलाय, पण खोलायच्या आधी तुम्ही एकदा ऐका. रविवारी सकाळी येते. आप्पाही येणार आहेत, तुम्हाला भेटायचं म्हणतात.

तुमची,
पोचा असलेल्या कोरोलावाली