निधी किडीच्या वेळापत्रकाने द्या : कृषिमंत्र्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कोल्हापूर जिल्ह्यात कीड व्यवस्थापनाच्या हंगामभर चालणाऱ्या शेतीशाळांना वेळेवर निधी मिळण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वळवाचा पहिला जोरकस पाऊस झाला की उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी किडीचे भुंगेरे, म्हणजे तिचे पूर्ण वाढलेले कीटक, जमिनीतून वर येतात. आमच्याकडे हा पाऊस बहुतेक वर्षी मे महिन्यात होतो, लांबला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात. कृषी दिन १ जुलैला असतो आणि शेतकरी मेळावे, मार्गदर्शन शिबिरे, प्रात्यक्षिके त्याच्या मागेपुढे भरतात. तोवर भुंगेऱ्यांचे मिलन होऊन अंडी मातीत गेलेली असतात. म्हणजे मंडपात बसून शेतकरी जो उपाय ऐकतो, त्याची वेळ महिन्याभरापूर्वीच टळलेली असते. वक्ता चांगला असला, पत्रिका सुबक छापली, तरी उपयोग होत नाही.

म्हणून आमचे मागणे असे : कीड व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाचा निधी १५ एप्रिलपूर्वी गावापर्यंत पोचावा, आणि तो एका दिवसाच्या मेळाव्यावर खर्च न होता हंगामभर चालणाऱ्या शेतीशाळेवर, म्हणजे ठरावीक अंतराने शेतातच भरणाऱ्या वर्गांवर, व्हावा.

हुमणीचेच उदाहरण घेऊ, कारण उसाच्या या जिल्ह्यात तिच्याइतके नुकसान करणारी कीड क्वचितच असेल. तिच्या दोन जाती इथे महत्त्वाच्या आहेत. माळावरच्या हलक्या जमिनीत होलोट्रॅकिया, आणि पंचगंगा, वारणा, दूधगंगा, कृष्णेच्या काठाला ल्युकोफोलिस. वर्षाला एकच पिढी. होलोट्रॅकियाची मादी मातीत एकेक करून ५०-६० अंडी घालते, त्यांतून साधारण दोन आठवड्यांत अळी निघते. पहिल्या अवस्थेतली अळी बारीक असते, ती बरीचशी कुजक्या सेंद्रिय पदार्थांवर आणि कोवळ्या मुळांवर जगते. खरी नासाडी तिसऱ्या अवस्थेतली इंग्रजी ‘सी’च्या आकाराची जाड अळी करते, आणि ती ऑगस्टपासून पुढे. उसाचे बेट पिवळे पडते, वाळते, हाताने ओढले की मुळांशिवाय उपटून येते.

शेतकऱ्याच्या लक्षात येते ते इथे. तेव्हा ‘सुरू’ (जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला लावलेला) आणि त्याआधी लावलेला पूर्वहंगामी ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, सरीत शिरता येत नाही. आळवणी करायची, म्हणजे औषधाचे पाणी मुळांशी ओतायचे, तर एकरी ५०० लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे १६ लिटरचा पाठीवरचा पंप तीसपेक्षा जास्त वेळा भरायचा. तो हिशेब कुणालाच झेपत नाही. मग १०० लिटरमध्ये भागवले जाते, औषध वरच्या दोन इंचांत राहते आणि अळी त्याच्या खाली मुळे खात बसते. पूर्वी याच घाईत फोरेटचे दाणे टाकले जात. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. बंदी योग्यच होती, पण फोरेटच्या जागी काय, कधी आणि किती, हे बांधावर जाऊन शिकवण्याची तजवीज तिच्याबरोबर व्हायला हवी होती.

भुंगेऱ्यांचे काम त्या मानाने सोपे आणि स्वस्त आहे, मात्र ते एकट्याने होत नाही. माळावरच्या जातीचे भुंगेरे तिन्हीसांजेनंतर कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात. खाली ताडपत्री अंथरून आकड्याने फांद्या हलवायच्या आणि पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. पहिल्या पावसापासून तीन-चार आठवडे हे चालू ठेवावे लागते. अंडी घालण्याआधी एक मादी सापडली की पन्नासेक अळ्यांचे काम आटोपते. नदीकाठच्या जातीचे भुंगेरे असे पाल्यावर जमत नाहीत. ते तिन्हीसांजेला थोडा वेळ बाहेर येतात आणि पुन्हा मातीत शिरतात. शिरोळच्या नदीकाठच्या मळीतल्या शेतकऱ्याला बाभळी हलवायला सांगितले तर त्याच्या हाती काही लागत नाही आणि पुढच्या वर्षी तो कुणाचेच ऐकत नाही. एकच पत्रक सगळ्या जिल्ह्याला वाटल्याने हे घडते.

प्रकाश सापळ्याचेही तसेच. दिवा जमिनीपासून चार-पाच फुटांवर, खाली रुंद टोपल्यात पाणी आणि त्यावर रॉकेल किंवा साबणाचा फेस. संध्याकाळी सात ते साडेनऊपर्यंतच लावायचा. रात्रभर जळत ठेवला तर मित्रकीटकही त्यात मरतात. शिवारात एकट्यानेच सापळा लावला तर आजूबाजूचे भुंगेरे त्याच्या बांधावर येतात आणि सगळेच टोपल्यात पडत नाहीत, काही त्याच्याच सरीत अंडी घालतात. त्यामुळे सगळ्या शिवाराने एकाच दिवशी सुरुवात करावी लागते. शेतीपंपाची वीज पाळीने येते आणि संध्याकाळी ती असेलच असे नाही, तेव्हा सापळा सौर किंवा बॅटरीचाच हवा. खरेदीच्या निविदेत ही एक ओळ राहिली की सापळे गोठ्यात पडून राहतात.

आता जैविक निविष्ठांबद्दल, कारण शाश्वत शेतीच्या नावाने सर्वांत जास्त वाटप यांचेच होते. मेटाऱ्हायझियम ही हुमणीच्या अळीला मारणारी जिवंत बुरशी आहे. शिफारस हेक्टरी २० किलोची, म्हणजे एकरी ८ किलो आणि गुंठ्याला २०० ग्रॅम. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती मिसळायची, ढीग सावलीत ओल्या पोत्याखाली काही दिवस ठेवायचा, आणि पाऊस लागून जमिनीत ओल आली की जून-जुलैत, अळ्या लहान असताना, सरीत टाकून मातीआड करायचा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेली पिशवी निकामी असते. कोरड्या मातीत टाकली, उन्हात उघडी राहिली किंवा बुरशीनाशकाबरोबर मिसळली तरी तीच गत. शेतकरी म्हणतो, ‘औषध खोटं निघालं.’ औषध खोटे नव्हते, मेलेले होते. हे त्याला पटवण्याचा साधा मार्ग आहे. काचेच्या बरणीत ओलसर माती घ्या, चार अळ्या आणि चमचाभर बुरशी टाका. अळी आधी सुस्तावते, मग कडक होते, अंगावर पांढरा आणि नंतर हिरवा थर चढतो. याला दहा-पंधरा दिवस लागतात. एका दिवसाच्या मेळाव्यात हे दाखवता येत नाही, म्हणून तिथे फक्त पिशवी दिली जाते.

ट्रायकोकार्डमध्ये तर दिवस मोजावे लागतात. ट्रायकोग्रामा ही खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी बारीक माशी, ती हेक्टरी ५०,००० सोडायची. एका कार्डावर सुमारे २०,००० परोपजीवी अंडी असतात, म्हणून एकराला एका वेळी एक कार्ड. लागण दीड महिन्याची झाली की सुरुवात करायची आणि दहा दिवसांच्या अंतराने पाच-सहा वेळा सोडायचे. कार्डाच्या पट्ट्या कापून, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या आणि त्या आठवड्यात कीटकनाशक फवारायचे नाही. कार्डावरच्या काळ्या दाण्यांना बारीक भोके दिसली तर माशी आधीच उडून गेलेली असते. सलग सुट्या आल्या आणि कार्डे कार्यालयातल्या टेबलावर राहिली की नेमके हेच होते. सुरू उसात ही गरज मार्च-एप्रिलमध्ये पडते, म्हणजे आर्थिक वर्ष संपून नवीन तरतूद यायच्या मधल्या पोकळीत. प्रयोगशाळेला मागणी सहा-आठ आठवडे आधी कळवावी लागते, कारण अंडी आणि बुरशी वाढायला त्यांचा वेळ लागतोच. दीड महिन्याच्या सुमाराला बाळबांधणी करून बुडख्याला माती लावली तरीही खोडकीड कमी राहते. त्याला औषधाचा काहीच खर्च नाही.

हा मार्ग चालतो याचा पुरावा आपल्याच भागात आहे. २००२ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि दक्षिण महाराष्ट्रभर पसरला. फवारे पुष्कळ झाले, पण उंच उसात ते पोचेनात. माव्याला आवर बसला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांमुळे. या कीटकांच्या अळ्या असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधायला शेतकरी शिकले. जिथे अनावश्यक फवारे थांबले आणि पाचट जाळले गेले नाही, तिथे ते टिकले. आज उसात नवखा शेतकरी डिफाची अळी पाहतो आणि कीड समजून औषध मारतो. ती ओळख पिढीगणिक पुन्हा करून द्यावी लागते.

शेतीशाळा ही कल्पना नवी नाही. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या प्रश्नातून तिची घडी बसली. त्याआधी १९८६ मध्ये त्या देशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती. पंचवीस-तीस शेतकरी, एक प्लॉट, ठरावीक अंतराने भेट. पाच-पाच जणांचे गट शेतात शिरतात, बेटे मोजतात, कीड आणि मित्रकीटक वेगळे लिहितात, कागदावर चित्र काढतात आणि मग फवारायचे की नाही हे स्वतः ठरवतात. आपल्या राज्यातही क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पातून आणि ‘आत्मा’ या कृषी विस्तार यंत्रणेतून शेतीशाळा होतात. अडचण त्या असण्याची नाही. त्या उशिरा सुरू होतात, मध्येच तुटतात आणि प्लॉटऐवजी चावडीत किंवा समाजमंदिरात भरतात. शेतात न जाता भरवलेल्या शाळेला शेतीशाळा म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या भातपट्ट्याचे वेळापत्रक वेगळे ठेवावे लागेल. तिथे रोपांचे शेंडे खुडून खोडकिड्याची अंडी नष्ट करणे लावणीच्या दिवशीच दाखवले पाहिजे, आणि युरियाचा जादा हप्ता तुडतुड्यांना कसा आमंत्रण देतो हे ऑगस्टमध्ये.

कुणाला बोलवायचे, हाही प्रश्न आहे. भांगलण करताना हुमणीची अळी पहिल्यांदा दिसते ती बायकांना. फवारा मारतो तो बहुधा मजूर. दोघांच्याही नावावर सातबारा नसतो, म्हणून यादीत नाव नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण जाणता. वाऱ्याची दिशा, हातमोजे, मुखपट्टी, गळका पंप, डब्यावरचा रंगीत त्रिकोण, औषध काठीने ढवळणे, फवारल्यावर अंघोळ : हे शिकण्याची पहिली गरज ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला आहे. सातबाऱ्याची अट काढा आणि मजुराला त्या अर्ध्या दिवसाची मजुरी देण्याची मुभा निधीत ठेवा.

ऊसपट्ट्यातल्या शाळेसाठी आमचा हिशेब असा आहे. एप्रिलअखेर एक वर्ग, मे आणि जूनमध्ये दोन-दोन, पुढे ऑक्टोबरपर्यंत महिन्याला एक, असे नऊ वर्ग. दहा भिंगे १,५०० रुपये, दोन सौर सापळे ४,०००, जाळी-खुरपी-बरण्या १,५००, कागद व रंग १,०००, एक हेक्टर प्रात्यक्षिकाला २० किलो मेटाऱ्हायझियम ४,०००, संरक्षक पोशाखाचे दोन संच १,६००, तीस जणांचा नऊ वेळचा चहा-नाष्टा ५,४००, प्रशिक्षकाचे मानधन ९,०००. एकूण २८,००० रुपये. बाराही तालुक्यांत प्रत्येकी दहा शाळा धरल्या तर १२० शाळांचे ३३ लाख ६० हजार होतात. भातपट्ट्यातल्या शाळा त्याच रकमेत बसतील, सापळ्यांचा पैसा तिथे रोपवाटिकेच्या कामी येईल. मजुरीची भरपाई आणि ट्रायकोकार्डे यांत धरलेली नाहीत, ती वेगळी द्यावीत. जिल्हा नियोजन समितीतून काही वाटा उचलता येईल, साखर कारखान्यांचे शेती विभाग गटवार माणसे देऊ शकतील. कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय, ऊस व गूळ संशोधन केंद्र आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे इथेच आहेत, प्रशिक्षक बाहेरून आणावे लागणार नाहीत.

एक विनंती मूल्यमापनाबद्दल. हजेरीपत्रक आणि फलकासमोरचा फोटो यांवर कार्यक्रम यशस्वी ठरवू नका. सप्टेंबरमध्ये शाळा झालेल्या आणि न झालेल्या गावांत, एकरात पाच ठिकाणी, एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फूटभर खोल माती काढून अळ्या मोजाव्यात. जागा आधी ठरवलेल्या असाव्यात, वाळलेली बेटे बघून निवडू नयेत. मोजणी शेतकऱ्यांनीच करावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. ज्या गावात फरक दिसणार नाही तिथला पुढचा निधी थांबवला तरी आमची तक्रार नाही, मात्र थांबवण्यापूर्वी तिथे सापळे कोणत्या तारखेला पोचले होते तेवढे तपासावे.

येत्या हंगामासाठी मंजुरी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मिळाली, तर सापळ्यांची खरेदी, प्रयोगशाळांकडे मागणी आणि गावांची निवड वळवाआधी पुरी होते. तालुकावार गावांची यादी, नदीकाठ आणि माळ अशी विभागणी करून, आम्ही जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायला तयार आहोत.

आपले विश्वासू,
ऊस व भात पिकांतील कीड व्यवस्थापनात काम करणारे कृषी पदवीधर व शेतकरी,
कोल्हापूर जिल्हा