रेघ ओढायला शिकतेय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "एवढी शिकलीस, आणि आता रेघा ओढत बसतेस होय?" मागून बाबांचं हसणंही ऐकू आलं. त्यावर बाबांनी विचारलं की रंग कुठला, ब्रश कसला आणि हात थरथरत नाही का. असल्या प्रश्नांची उत्तरं फोनवर उभ्या उभ्या देता येत नाहीत, म्हणून आज पत्र.

मी शिकतेय त्याला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. गाडीच्या टाकीवर, दारावर, मडगार्डवर हाताने ओढलेली बारीक रेघ. कला घोडागाड्यांच्या काळातली. बग्गीच्या चाकांच्या आऱ्यांवरसुद्धा अशा रेघा असायच्या. पुढे मोटारींवर आल्या आणि 1950 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात केनेथ हॉवर्ड ऊर्फ वॉन डच नावाच्या माणसाने सरळ रेघ सोडून नागमोडी, दोन्हीकडे सारखी अशी वेलबुट्टीसारखी नक्षी काढायला सुरुवात केली. आज गाड्यांवर दिसते ती बरीचशी त्याच वळणाची. रोल्स-रॉइसच्या बाजूने जाणारी लांब रेघ आजही माणूस ब्रशने ओढतो. आणि बाबा, तुम्ही ज्या बुलेटकडे मान वळवून बघता ना, त्या रॉयल एनफिल्डच्या टाकीवरच्या रेघाही चेन्नईच्या कारखान्यात हाताने मारत आले आहेत. तेव्हा "स्टिकर मिळतो की" हे तरी म्हणू नका.

आता ब्रश. नेहमीच्या रंगाच्या ब्रशशी याचं काही नातं नाही. दांडी बोटभर, आणि केस मात्र दीड-दोन इंच लांब, खारीच्या केसांसारखे मऊ, एका बाजूने तिरके कापलेले. ओला झाला की तलवारीच्या पात्यासारखा दिसतो. पहिल्यांदा हातात घेतल्यावर वाटतं, एवढ्या लुळ्या केसांनी सरळ रेघ कशी येणार? पण सगळी मेख त्या लांबीतच आहे. एक तर पोटात भरपूर रंग मावतो, त्यामुळे मध्ये न थांबता लांबलचक रेघ जाते. दुसरं म्हणजे केस पृष्ठभागावर आडवे पडून हाताच्या मागून घसटत येतात, आणि हाताला बसलेला बारीकसा झटका टोकापर्यंत पोचेस्तोवर विरून जातो. आखूड केसांचा ब्रश तोच झटका जसाच्या तसा उमटवतो. नंबरात शून्यं जितकी जास्त तितका ब्रश बारीक. नवशिक्याने एकच चांगला ब्रश घ्यावा असं माझं ठाम मत झालंय. संच घेणाऱ्यांचे ब्रश पेटीतच राहतात.

खरं काम मात्र रेघ ओढण्याच्या आधी होतं, आणि ते बघायला कोणी थांबत नाही. रंग एनॅमलचा, फलकांवर अक्षरं रंगवायला वापरतात तसला दाट. एका चकचकीत जाड कागदावर रंग घ्यायचा, थिनरचा एखादा थेंब, आणि ब्रश आडवा दाबून पुढे-मागे ओढत राहायचा. एक बाजू, मग दुसरी बाजू. परत रंग, परत तेच. टोकाला रंग लागून भागत नाही, तो केसांच्या मुळापर्यंत सारखा मुरावा लागतो. हळूहळू केस एकमेकांना चिकटून सपाट होतात आणि टोकाला धारदार पातं तयार होतं. कधी थांबायचं हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. ब्रश कागदाला किंचित धरून, पण न अडखळता चालला की समजायचं. रंग त्याहून घट्ट असेल तर रेघ मध्येच तुटते, कडा खरबरीत येतात. पातळ झाला तर रेघ पसरते, आणि खालचा रंग तिच्यातून डोकावतो. थंड दिवशी थेंबभर थिनर जास्त लागतं, आणि काम चालू असतानाही रंग दाट होत जातो, म्हणून अधूनमधून पुन्हा कागदावर यावंच लागतं. मला विचाराल तर निम्मी विद्या या कागदावर आहे. ज्यांना नुसत्या रेघा ओढायची घाई असते त्यांच्या रेघा बघितल्या की ते लगेच कळतं.

बाबांचा तिसरा प्रश्न: हात. थरथरतो, सगळ्यांचाच थरथरतो. म्हणून तो अधांतरी ठेवायचाच नाही. ब्रश अंगठा आणि तर्जनीत धरायचा, करंगळी पत्र्यावर टेकवायची आणि तिच्यावर हात घसरू द्यायचा. रेघ स्वतःकडे ओढायची आणि बोटं न हलवता खांद्यापासून, वेळ पडली तर कमरेतून मागे सरायचं. नजर ब्रशच्या टोकावर खिळवली की रेघ वाकडी जाते. ती चार बोटं पुढे, जिथे जायचंय तिथे हवी. आणि फार हळू जायचं नाही, कारण थरथर हळू हातातच जास्त दिसते.

वळणावर ब्रश दोन बोटांत हलकेच फिरवायचा. हे बाबांना लगेच समजेल, कारण तिरक्या छाटलेल्या बोरूने जशी जाड-बारीक अक्षरं येतात तसंच हे आहे. फरक एवढाच की बोरूचा कोन कायम असतो आणि इथे तो चालता चालता बदलत राहतो. दाब वाढवला की रेघ जाड, उचलत नेला की टोकाला बारीक होऊन संपते. ते संपणं स्वच्छ यायला फार वेळ लागतो.

सराव काचेवर करते. काचेखाली आखलेला कागद ठेवायचा, वरून रेघ ओढायची, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा ओढायची. आधी सरळ रेघा, मग अर्धगोल, मग दुहेरी वळण, मग थेंब. कंटाळवाणं आहे, आई. तुला सांगायला हरकत नाही, पण एकदा सूर लागला की घड्याळाकडे लक्ष जात नाही.

दोन्ही बाजूंना सारखी नक्षी काढायची तर मध्ये खडूने उभी रेघ आखायची. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे जायचं नसतं. डावीकडे एक फटकारा, लगेच उजवीकडे त्याचा जोडीदार. शेजारचा फटकारा ओला आणि डोळ्यांसमोर ताजा असला की जोडी जमते. जी बाजू हाताला अवघड ती आधी, कारण अवघड वळणाची नक्कल सोप्या हाताला करता येते, उलट होत नाही. तरी दोन्ही बाजू तंतोतंत कधीच येत नाहीत. मला तेच आवडतं. टेप लावून मारलेली रेघ बिनचूक असते, पण तिच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही. (लांब सरळ रेघेला मार्गदर्शक म्हणून बाजूने टेप लावतात, ते वेगळं. त्यात काही कमीपणा नाही.)

आईला वासाची काळजी आहे. खिडकी उघडी असते, हातमोजे असतात. असल्या रंगांत पूर्वी शिसं असायचं, मी घेते तो बिनशिशाचा. फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकत नाही, पसरून वाळवते. आणि काम झाल्यावर ब्रश थिनरमध्ये धुऊन, केसांना तेल लावून, बोटांनी सपाट करून आडवा ठेवते. उभा ठेवला तर केस वाकतात आणि मग तो ब्रश कायमचा गेला. पुढच्या वेळी आधी ते तेल पूर्ण काढायचं, नाहीतर रंग धरत नाही. घरात माझ्या कुठल्याच वस्तूची इतकी बडदास्त नसते, हे आई, तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

बाबा, आता कामाचं. येईन तेव्हा तुमच्या स्कूटरच्या दोन्ही बाजूच्या पॅनेलवर एकेक रेघ मारायची आहे. सरळच, नक्षी नाही, अजून तेवढा हात बसलेला नाही. तोवर स्कूटरला पॉलिश मारू नका. मेणाचा थर पत्र्यावर राहिला की एनॅमल त्यावर टिकत नाही, आणि तो साफ करण्यातच माझा दिवस जाईल. नुसती साबणाने धुतलीत तर चालेल. रेघ दिवसाभरात हाताला कोरडी लागेल, पण पक्की कडक व्हायला काही आठवडे घेते, तेव्हा नंतरही महिनाभर पॉलिश नको. पॅनेल घासलेलं किंवा गंजलेलं असेल तर जवळून फोटो पाठवा. रंग कुठला ते दोघांनी मिळून ठरवा. माझं मत फिकट पिवळसर पांढरा, पण आई लाल म्हणणार हे मला माहीत आहे.

तुमची,
मनू