पळण्याचा खेळ म्हणजे रेटारेटी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणाऱ्या फ्लॅग फुटबॉलवर (अमेरिकन फुटबॉलचाच धक्काबुक्कीविना, कमरेचा फडका ओढून थांबवायचा प्रकार) पानभर लेख आला, आईने सांगलीहून व्हॉट्सॅपवर कात्रण पाठवलं. वाचून बरं वाटलं, कारण इकडे अटलांटात राहून सतरा वर्षं झाली तरी आपल्याकडच्या माणसाला अमेरिकन फुटबॉल म्हणजे काय हे सांगताना माझ्या नाकीनऊ येतात. एक बारीक तक्रार आधी करून टाकतो, लेखाबरोबर छापलेला फोटो रग्बीचा आहे. असो.

खरी तक्रार वेगळी आहे. लेखात मध्येच एक वाक्य येतं की कॉलेज फुटबॉलमधला बॉल हातात धरून पळत सुटायचा जुना 'ट्रिपल ऑप्शन' प्रकार आता इतिहासजमा झाला, त्यात डोकं कमी आणि ताकद जास्त लागायची. हे वाचलं आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून टाइप करायला बसलो. पत्र लांबेल, हवं तिथे कापा, पण हे वाक्य उलटं आहे एवढं तरी छापा. ट्रिपल ऑप्शन ही ज्याच्याकडे ताकद कमी आहे त्याचीच युक्ती आहे.

2008 साली मी एमएस करायला जॉर्जिया टेकला आलो आणि त्याच वर्षी पॉल जॉन्सन हे कोच नेव्हीची टीम सोडून इथे आले. मला ह्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. माझे घरमालक, सत्तरीचे गृहस्थ, एका शनिवारी मला त्यांच्या पिकअपमधून मॅचला घेऊन गेले. इथे मॅचच्या आधी पार्किंगमध्ये गाडीची मागची फळी खाली पाडून दोन-तीन तास खाणंपिणं चालतं. त्यांनी डब्यातून काय काढावं, तर मीठ घालून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! जॉर्जियात ह्या रस्त्याच्या कडेला मिळतात, मला माहीतच नव्हतं, मी एकदम घरी गेल्यासारखा तुटून पडलो. तर मी त्यांना विचारलं की हे सारखे सारखे एकमेकांच्या अंगावर का जातात, त्यावर त्यांनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली आणि त्या फळीवर डाव मांडला.

पाच शेंगा ओळीत, ही लाईन. त्यांच्या मागे चिकटून एक, तो क्वार्टरबॅक, डाव सुरू होताना बॉल ह्याच्या हातात येतो. त्याच्या पाठीमागे थोड्या अंतरावर एक जाडजूड शेंग, फुलबॅक, जॉन्सनच्या भाषेत बी-बॅक. लाईनच्या दोन्ही टोकांशी किंचित मागे एकेक ए-बॅक, आणि पार कडेला पास झेलणारे दोन रिसीव्हर. झाले अकरा. समोर प्रतिस्पर्धी म्हणून अकरा टरफलं. मग त्यांनी समोरच्या लाईनमधल्या एका टरफलावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा त्यांचा सगळ्यात तगडा गडी, आणि ह्याला आपण हातच लावायचा नाही.

मला वाटलं म्हातारा माझी गंमत करतोय. पण सगळी मेख तिथेच आहे. क्वार्टरबॅक बॉल घेऊन फुलबॅकच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही, बॉलवर दोघांचे हात असतात आणि क्वार्टरबॅकची नजर असते त्या मोकळ्या सोडलेल्या गड्यावर. तो गडी फुलबॅकला धरायला आत घुसला तर क्वार्टरबॅक बॉल ओढून घेतो आणि बाहेरून पळतो, तो जागेवर थांबला किंवा बाहेर सरकला तर बॉल फुलबॅकला, जा बाबा सरळ मधून. बॉल ओढून घेतला असेल तर बाहेर आणखी एक मोकळा गडी समोर येतो, त्यालाही कोणी अडवलेलं नसतं. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला की बॉल बाजूने पळत येणाऱ्या ए-बॅककडे फेकायचा, तो ए-बॅकच्या मागे गेला तर क्वार्टरबॅकने स्वतःच आत वळून पळायचं. तीन पर्याय म्हणून ट्रिपल ऑप्शन. आणि हे सगळं होतं दीड-दोन सेकंदात, बॉल कुणाकडे जाणार हे खेळ सुरू होताना कोचलाही माहीत नसतं, क्वार्टरबॅकलाही नसतं. ते ठरवतो समोरचा गडी, आणि काहीही ठरवलं तरी तो चुकीचाच ठरतो.

मी शाळेत खो-खो खेळायचो, म्हणून मला हे टकुरीत एकदम बसलं. पाठलाग करणाऱ्याचा खांदा एकदा वळला की त्याची दिशा ठरली, त्याला मागे फिरता येत नाही, आणि चांगला पळणारा त्या खांद्याकडेच बघत खांबाशी थांबलेला असतो, आधी पळत सुटत नाही. क्वार्टरबॅकचंही तेच, आधी ठरवून बसला की मेला. आता सांगा ह्यात डोकं कमी कुठे आहे?

हिशोब पण बघा. साध्या पद्धतीत क्वार्टरबॅक बॉल दुसऱ्याच्या हातात देऊन बघत उभा राहतो, म्हणजे तो गेला, बॉल घेऊन पळणारा गेला, अडवायला उरले नऊ आणि समोर अकरा. ऑप्शनमध्ये त्यांच्यातले दोघे तुम्ही हात न लावताच बाद करता, म्हणजे नऊला नऊ. ते दोन गडी अडवण्यात जी माणसं खर्ची पडली असती ती मागच्या फळीतल्या लाईनबॅकरवर जातात. ज्या टीमकडे एकशेचाळीस किलोचे धिप्पाड लाईनमन नाहीत तिच्यासाठी हे वरदान आहे, कारण ज्याला तुम्ही ताकदीने हलवू शकत नाही त्याला हलवायची गरजच उरत नाही.

म्हणूनच हा प्रकार आर्मी, नेव्ही, एअरफोर्स ह्या लष्करी अकॅडम्यांमध्ये टिकला. तिथली पोरं उद्या अधिकारी होणार, त्यांना वजन आटोक्यात ठेवावं लागतं, आणि शिक्षणानंतर नोकरीची बांधिलकी असल्यामुळे एनएफएलचं, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगचं, स्वप्न बघणारे बहुतेक तिकडे फिरकतच नाहीत. तरीही 2007 मध्ये नेव्हीने नोट्रडेम ह्या बड्या युनिव्हर्सिटीला तीन ओव्हरटाइमनंतर 46-44 असं हरवलं, त्याआधी ओळीने 43 वर्षं नेव्ही त्यांच्याकडून हरत आली होती. ती टीम पॉल जॉन्सनचीच. पुढे त्याच नेव्हीचा कीनन रेनॉल्ड्स हा क्वार्टरबॅक चार वर्षांत 88 वेळा स्वतः बॉल घेऊन पळत टचडाऊन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) करून गेला. क्वार्टरबॅक, हां, पळणारा गडी नव्हे.

आणि 2018 ची आर्मी विरुद्ध ओक्लाहोमा मॅच तर मी कधीच विसरणार नाही. ओक्लाहोमाकडे कायलर मरे, त्याच वर्षी कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळवलेला क्वार्टरबॅक. साठ मिनिटांच्या खेळात आर्मीने बॉल जवळपास 45 मिनिटं स्वतःकडे ठेवला, 87 डाव खेळले, ओक्लाहोमाच्या वाट्याला आले फक्त 40. तीन यार्ड, चार यार्ड, परत तीन यार्ड, चार प्रयत्नांत दहा यार्ड करायचे असतात तर चौथ्या प्रयत्नालाही बॉल लाथाडून न देता परत पळायचं. तो मरे बिचारा बाजूला उभा राहून बघतोय. आर्मी शेवटी ओव्हरटाइममध्ये 28-21 अशी हरली, तेही पास टाकायला गेले आणि तो समोरच्यांनी मध्येच झेलला म्हणून! पण ज्या टीमशी त्यांची बरोबरी कागदावर कुठेच नव्हती तिला घाम फोडला.

आता जुनाट म्हणाल तर जुना आहेच. ह्यूस्टनच्या बिल योमन ह्यांनी साठच्या दशकात 'व्हीअर' म्हणून ह्याचं एक रूप बसवलं. 1968 मध्ये टेक्ससच्या एमरी बेलार्ड ह्यांनी तीन बॅक मागे ठेवून 'विशबोन' काढलं, आणि गंमत म्हणजे पहिली मॅच ह्यूस्टनशीच 20-20 बरोबरीत सुटली, दुसरी तर हरले. लोकांनी नावं ठेवली असणारच. कोच डॅरेल रॉयल ह्यांनी क्वार्टरबॅक बदलला आणि तिथून टेक्सस सलग 30 मॅच जिंकली. मग ओक्लाहोमाच्या बॅरी स्वित्झर ह्यांनी तेच उचलून 1974, 1975 आणि 1985 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं नेली. नेब्रास्काचे टॉम ऑस्बोर्न ऑप्शन आपल्या वेगळ्या मांडणीतून खेळायचे, त्यांनी 1995 च्या सीझनची शेवटची मॅच फ्लोरिडाविरुद्ध 62-24 ने मारली, आणि ती फ्लोरिडा त्या काळातली पासिंगची सर्वात नावाजलेली टीम होती.

आमच्या टेकचं सांगायचं तर त्या पहिल्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्जिया युनिव्हर्सिटीशी मॅच, जिच्याकडून आम्ही ओळीने सात वर्षं हरलेलो. अर्ध्या खेळानंतर 28-12 असे पिछाडीवर. मी घरमालकांच्या हॉलमध्ये बसलो होतो, ते उठून कुत्र्याला फिरवायला निघाले होते. दुसरा हाफ सुरू झाला आणि सुरुवातीलाच जोनाथन ड्वायर, म्हणजे आमची जाडजूड शेंग, मधून घुसला तो थेट 60 यार्ड पळत टचडाऊन! कुत्रा तसाच पट्टा गळ्यात घेऊन दारात उभा राहिला. मॅच 45-42 ने जिंकलो. ऑप्शनवाली टीम मागे पडली की संपली असं जे म्हणतात त्यांना मी नेहमी ही मॅच सांगतो.

तरी ते म्हणणं सगळंच खोटं नाही, खोटं बोलून काय मिळवायचंय. ड्वायरसारखे दिवस रोज येत नाहीत. शेवटची चार मिनिटं उरलीत आणि दोन टचडाऊनने मागे आहात तर तीन-तीन यार्डांनी काय होणार. बॉल इतका हातातून हातात फिरतो की तो निसटणारच, आणि निसटला की हमखास नको तिथेच. मुख्य म्हणजे समोरच्याला तयारीला वेळ मिळाला की जादू कमी होते, एरवी त्यांना एका आठवड्यात ह्या विचित्र प्रकाराची तयारी करायची असते आणि सरावाला तसा क्वार्टरबॅक आणणार कुठून, पण सीझननंतरच्या बोल मॅचेसना तीन-चार आठवडे हातात असतात. जॉन्सन टेकमध्ये नऊ बोल मॅच खेळले आणि तीनच जिंकले. 2008 च्या 31 डिसेंबरला इथेच अटलांटात एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आमचा 38-3 असा पार चेंदामेंदा केला, नवीन वर्षाचा केक कोणी कापला नाही. आर्मी-नेव्हीच्या आपसातल्या मॅचमध्ये तर दोघांनाही सगळं पाठ, त्यामुळे 2017 मध्ये भर बर्फात 14-13, पुढच्या वर्षी 17-10 असला रटाळ स्कोअर लागतो (मला आवडतो, बायकोला नाही).

आणि तो पायावर झेप घेऊन अडवायचा प्रकार, कट ब्लॉक. हलक्या गड्याने जड गड्याला पाडायचं तर कमरेखाली जाणं हाच मार्ग, समोरचे कोच गुडघे मोडतील म्हणून बोंब मारायचे आणि मला त्यात तथ्य वाटतं. 2022 मध्ये नियम आवळला, आता लाईनच्या मधल्या पट्ट्याबाहेर तसं करता येत नाही. ऑप्शनचं खरं नुकसान त्यानेच झालं, पासिंग श्रेष्ठ ठरलं म्हणून नाही. 2023 मध्ये आर्मीने ह्या नियमापायी क्वार्टरबॅकला मागे उभं करून नव्या फॅशनचा खेळ करून बघितला, सहा जिंकल्या सहा हरल्या. मग 2024 मध्ये पुन्हा आपल्या मूळ वळणावर आले, 12 मॅच जिंकल्या, ज्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं तिचं विजेतेपद घेतलं, आणि ब्रायसन डेली ह्या क्वार्टरबॅकने एकट्याने पळून 32 टचडाऊन केले. तुमच्या लेखात इतिहासजमा म्हटलंय तो हाच प्रकार.

शिवाय आज टीव्हीवर जे आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणून कौतुकाने दाखवतात ते काय आहे? क्वार्टरबॅक एका मोकळ्या गड्याकडे बघतो, तो पुढे आला तर त्याच्या डोक्यावरून पास, मागे राहिला तर बॉल पळणाऱ्याला. तिसरा पर्याय बदलला, शेंग तीच. पासिंगवाले ऑप्शनला नावं ठेवतात आणि त्याच्याच घरातली भांडी वापरतात.

तुमच्या प्रतिनिधींना माझी एवढीच विनंती आहे की डिसेंबरात आर्मी-नेव्ही मॅच असते, साधारण दुसऱ्या शनिवारी, इथली दुपार म्हणजे तुमची मध्यरात्र उलटून दीड-दोन वाजतील, तर एक दिवस जागा. थर्मासमध्ये चहा भरून ठेवा कारण पहिला अर्धा तास काहीच घडत नाहीये असं वाटेल. बॉलकडे बघू नका, बॉल तुम्हाला फसवेल, तो बघायला कॅमेरामन सुद्धा फसतो. समोरच्या लाईनमध्ये ज्याला कोणी हात लावत नाहीये तो गडी शोधा आणि फक्त त्याचा खांदा बघा.

आणि पुढच्या वेळी फोटो बघून लावा.

आपला,
एक जुना वाचक
मूळ सांगली, सध्या अटलांटा