‘हे कुणी केलं?’

संपादक महोदय,

आयटीत ‘टीम बिल्डिंग’ म्हणजे मुळशीचं रिसॉर्ट, रस्सीखेच आणि ग्रुप फोटो. हिंजवडीत १४ वर्षं काढल्यावर असे फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. गेल्या महिन्यात रात्री दीडला सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं रिलीज फसलं. कॉलवर पहिलाच प्रश्न आला, ‘हे कुणी केलं?’ सगळे म्यूटवर. जिला कारण ठाऊक होतं, ती मुलगी ४० मिनिटं गप्प बसली.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका उलट जास्तच निघाल्या, कारण तिथं चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. पुढे गूगलनं आपल्या १८० टीम तपासल्या, तेव्हाही टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसं एकमेकांशी कशी वागतात, हेच मोठं ठरलं. आमच्या एचआरच्या स्लाइडवर हे सगळं असतं, रंगीत चित्रांसकट! पण अप्रेझलच्या, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या, तक्त्यात ‘कुणाच्या नावावर किती बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका)’ हा रकाना जसाच्या तसा. तो आधी काढा. आणि रिसॉर्टच्या पैशांत रात्र जागलेल्यांना दुसऱ्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या.

– एक वाचक, पुणे