कोरा चहा आणि चिरडलेल्या बाटल्या

श्टुटगार्ट, 12 ऑक्टोबर

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोन रोज होतो, पण मागे चिमीचा दंगा आणि पुढे तुझं एकच, जेवलीस का. जेवले गं. दशम्या पाचव्या दिवशी संपल्या, चटणी अजून पुरवून खाते आहे. थंडी आहे, पण ती बाहेर. खोलीला आतून कडी आहे. झालं समाधान?

आज रविवार. इथे रविवारी दुकानं बंद असतात, हे शनिवारी लक्षात राहिलं नाही, म्हणून कोरा चहा घेऊन लिहायला बसलेय.

इथल्या बाटल्यांची गंमत सांगते. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की बिलात 25 सेंट वेगळे लावतात, म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. रिकामी बाटली परत केली की ते परत मिळतात. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात आपण थम्सअपच्या काचेच्या बाटलीचे पैसे ठेवून यायचो ना, तसंच. फक्त इथे घ्यायला माणूस नाही, भिंतीत मशीन आहे. भोकात बाटली आडवी ठेवायची, ती गोल फिरते, मशीन तिच्यावरच्या रेघा वाचतं, मग आत कडकड आवाज आणि शेवटी चिठ्ठी. चिठ्ठी गल्ल्यावर दाखवायची. आता मी आपल्या सवयीने, ‘वापरून झाल्यावर चिरडा’ लिहिलेलं असतं ना, तशा सहाही बाटल्या पिळून नेल्या होत्या. मशीनने एकेक बाहेर ढकलली. मागे रांग! एक आजोबा पुढे आले, बाटलीत तोंडाने हवा भरून ती फुगवली आणि पुन्हा आत सरकवली. चार वाचल्या, दोन बुडाल्या. आणखी एक, लोक बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, शेजारी उभी करून ठेवतात. गोळा करणाऱ्याला आत हात घालावा लागू नये म्हणून.

स्टेशनाजवळच्या टेकडीवर द्राक्षाचे मळे आहेत, भर शहरात. मांडव नाहीत, उतारावर तारांच्या ओळी. इथे खुडणी उरकत आलीय आणि आपल्याकडे फळासाठीची गोडी छाटणी चालू असेल. बाबांना सांग, त्यांना बरं वाटेल.

मावशी म्हणाली म्हणे, सहा वर्षांच्या पोरीला टाकून गेली. टाकून नाही गेले. घरी तिचे बाबा आहेत, सासूबाई आहेत, डब्याचा आठवड्याचा तक्ता मी फ्रिजवर लावून आलेय. मार्चमध्ये तुझे जावई अकरा दिवस चेन्नईला होते, तेव्हा मावशीने ‘बिचारा, किती दगदग’ म्हटलं होतं. जाऊ दे. कामच असं होतं की मीच यायला हवं होतं.

खरं सांगू? दुसरं कुणी येऊ शकलं असतं. साहेबांनी विचारलं आणि मी घरी न विचारता हो म्हणाले.

पहिल्या सकाळी सहाला जाग आली, डबा नाही, रिक्षावाल्या काकांचा हॉर्न नाही. तरी पाच मिनिटं उठून बसले होते. मग परत आडवी झाले ती आठपर्यंत. चहा गरम असताना संपवला, सगळा. पण काल ब्रेड खाताना कडा काढून ताटलीच्या बाजूला ठेवल्या, चिमी खात नाही म्हणून. मग मीच खाल्ल्या.

मी चौथीत असताना तू शाळेच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेली होतीस, दहा दिवस. बाबांनी रोज पिठलं-भात केला. तू आल्यावर तुझ्या पर्समध्ये मला सिनेमाचं तिकीट सापडलं होतं, एकच. मी कुणाला दाखवलं नाही. कुठला होता गं सिनेमा?

बाकी, पिंट्याच्या बघण्याच्या कार्यक्रमासाठी माझी वाट बघू नका, मुलीकडच्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. जमलं तर हॉलची अनामत मी भरते. रोजचा भत्ता उरतोय, बाहेर फार खात नाही. घराचा हप्ता त्याच्या आड येत नाही, काळजी नको. सासरी तू काही बोलू नकोस, मी आल्यावर सांगेन. आणि गंगापूर रोडला आमच्या घरी जाशील तेव्हा बघ, चिमीचा पुढचा दात पडलाय. इथे साडेतीन तास मागे, मी मीटिंगमध्ये होते, तिने तीनदा फोन केला होता. सासूबाई तो छपरावर फेकायचं म्हणतायत. मी येईपर्यंत डबीत ठेवायला सांग, तुझं ऐकतील.

तुझी,
ताई