बांगड्यांचं माप

आई, बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर आई रातांब्यांची टोपली दाखवत होती तेव्हा बघितलं, डाव्या हातात एकही बांगडी नाही, सगळ्या उजव्या हातात. विचारलं तर म्हणे रातांबे फोडताना डाग पडतात. आई, फोडतेस उजव्या हाताने आणि बांगड्या डाव्या काढल्यास? आणि काचेला कसला गो डाग?

हात सुजलाय ना. तू म्हणणार "माका काय जाऊक नाय". अगं, ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, की हातातलं पाणी वाहून जायची वाट अरुंद झालीय, सूज चार वर्षांनीसुद्धा येऊ शकते. सुजेसाठी दिलेली ती घट्ट बाही तू कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीयस हे मला माहितेय, मे महिन्यात ती घालून जीव जातो हेही कळतं, पण मग फिजिओला तसं सांगूया ना, लपवायचं कशाला.

रातांबे फोड, मी नको म्हणत नाही, हात हलता हवाच. फक्त ग्लोव्हज घाल. जरासं कापलं आणि हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर हळद लावून सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

बाबा, आता तुमच्याशी. कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली लेट्रोझोलची गोळी आई मधेमधे सोडतेय, गुडघे धरतात म्हणून. तिला वाटतं वय झालं, पण त्या गोळीनेही सांधे दुखतात आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणून तर कॅल्शियम आणि हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन सांगितलाय. सहन होत नसेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात, पण मनाने बंद नको. "बरी झाली ती" म्हणून तुम्ही फाईल माळ्यावर टाकलीत, ती खाली काढा.

जूनमध्ये उजव्या बाजूची मॅमोग्राफी आहे. कणकवलीहून तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं काढते, दादरला घ्यायला येईन. गेल्या वर्षी रिपोर्टच्या आदल्या रात्री आई किचनमध्ये पुसलेलीच भांडी पुसत होती, तुम्ही गॅलरीत, आणि मी आत झोपेचं सोंग घेऊन. यंदा तिघं चहा करून बसू, रात्रीचे दोन वाजले तरी चालेल.

आणि बाबा, शिवणाच्या डब्यातली टेप घ्या, आईची दोन्ही मनगटं, दोन्ही दंड मोजा, चारही आकडे आजच व्हॉट्सॲपवर टाका. सैल बांगड्या मी इथून आणते, पण आधी आकडे.

तुमची,
बाय