‘महिन्यात दहा किलो’ छापण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत गेले काही महिने एक चौकट सारखी दिसते. ‘वाळलेलं शरीर भरा, महिन्यात दहा किलो, साईड इफेक्ट नाही, फरक न पडल्यास पैसे परत.’ खाली मोबाईल नंबर. औषधाचं नाव नाही, बनवणाऱ्याचं नाही, गावाचंही नाही. मी बार्शीत मेडिकल चालवते. हे कात्रण घेऊन लोक माझ्या काउंटरवर येतात आणि ‘ताई, हे तुमच्याकडं मिळंल का?’ विचारतात. पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार, हे त्यांनी धरलेलंच असतं. म्हणून हे पत्र त्या जाहिरातवाल्याला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

आधी नुसता हिशेब करू. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. दहा किलोला 77,000. तीस दिवसांत भागल्या तर रोज अडीच हजारांहून जास्त, आणि त्याही रोजच्या पोटभर जेवणाच्या वर. शेंगदाण्यात मोजायचं तर रोज साडेचारशे ग्रॅम शेंगदाणे, दोन्ही वेळचं जेवण करून. पुडीतल्या चमचाभर पावडरीत एवढं काही बसूच शकत नाही. तरीही पुडी घेणाऱ्याचा काटा कधीकधी खरंच पुढे सरकतो. ते वजन कशाचं असतं, हे लोकांना कुणी सांगत नाही.

बऱ्याचदा ते पाणी असतं. अशा बेनाव पुड्यांमध्ये आणि गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड मिसळलेली सापडतात, हे या धंद्यातल्या कुणालाही नवीन नाही. स्टिरॉइडनं भूक खवळते, अंगात मीठ-पाणी साठतं, चेहरा गोल होतो, गाल भरतात. घरचे म्हणतात, ‘बघा, कसं तेज आलं!’ आतून मात्र साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात आणि दंडा-मांड्यांचे स्नायू उलट झिजतात. हेच डेक्सामेथासोन माझ्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि तिकडे ते पोस्टानं घरपोच येतं.

यातला सगळ्यात मोठा धोका पुडी थांबवताना असतो, म्हणून तो इथे स्पष्ट लिहिते. बाहेरून आयतं स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. बरेच आठवडे घेऊन एकदम बंद केलं तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवावरही बेतू शकतं. तेव्हा कुणी अशी पुडी घेत असेल तर घाबरून ती उकिरड्यावर फेकू नका. ती तशीच घेऊन एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेतली ते न लाजता सांगा. आमच्या भागातल्या एका गॅरेजवरच्या पोराची आई त्याची पुडी पदराला बांधून माझ्याकडे आली होती. पोराचा चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, आणि तिला वाटत होतं की औषध लागू पडलंय. त्याला डोस हळूहळू उतरवत बाहेर काढावं लागलं.

भुकेच्या सिरपचंही थोडं सांगते. सायप्रोहेप्टाडिन हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं भूक लागते हे खरं, पण पेंगही येते, आणि औषध थांबलं की भूकही थांबते. डॉक्टर काही कारणानं देतात तेव्हा गोष्ट वेगळी. पण लग्न ठरायच्या आधी ‘पोरगी जरा भरली पाहिजे’ म्हणून आया चार-चार बाटल्या मागतात, आणि मुलगी वर्गात डुलक्या घेते.

आता वजन वाढवायच्या पावडरींच्या डब्यांकडे वळू. माझ्याच दुकानात तो माल आहे, मी विकतेही, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही. ‘मास गेनर’चा डबा उलटा करून घटक वाचा. जास्त वजनाचा घटक आधी छापावा लागतो. बहुतेक डब्यांवर पहिलं नाव माल्टोडेक्सट्रिनचं असतं, म्हणजे स्टार्चपासून केलेली पांढरी पावडर. त्यात दुधाची पावडर, थोडं कोको, वास. विष नाही, पण सोनंही नाही. एका डब्याच्या पैशात आमच्या मार्केट यार्डातून घरभर पुरतील एवढे शेंगदाणे आणि वर तुरीची डाळ येते. हे मी गिऱ्हाइकाला सांगते तेव्हा मालक, म्हणजे आमचे हे, खुर्चीतून माझ्याकडे बघत राहतात.

पण काहीही खायला सांगण्याआधी मी एकच विचारते: पहिल्यापासून असंच आहे, की अलीकडं उतरलंय? लहानपणापासून सडपातळ, अंगात ताकद आहे, पाळी वेळेवर येते, बापही तसाच काटक, तर मला त्यात फारशी काळजी दिसत नाही. उंचीच्या मानानं वजन बघायचा साधा आकडा म्हणजे बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. 18.5 च्या खाली आला तर वजन कमी. 16 च्याही खाली असेल तर घरी प्रयोग नकोत. फार उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम खूप अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात, तिथे डॉक्टरच हवेत.

अलीकडं उतरलं असेल तर मात्र पावडरचा विषयच येत नाही. न ठरवता सहा महिने-वर्षात वजन वीसातला एक भाग, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, कमी झालं तर कारण शोधायलाच हवं. एक रिक्षावाले काका प्रोटीनचा डबा मागायला आले. विजार दोरीनं बांधलेली. बोलता बोलता काउंटरवर ठेवलेली माझी पाण्याची बाटली त्यांनी रिकामी केली आणि म्हणाले, रात्रीही चार वेळा उठावं लागतं. त्यांना डबा न देता लॅबचा रस्ता दाखवला. साखर इतकी वाढलेली होती की त्याच दिवशी उपचार सुरू झाले. साखर आटोक्यात आली तसं वजन आपोआप सावरलं. डब्यातलं माल्टोडेक्सट्रिन त्यांना नेमकं काय करणार होतं, ते वाचकांनीच ताडावं.

थायरॉइड जास्त चालत असेल तरी माणूस खातो आणि वाळतो. जंत, पोटाचे जुने आजार, मनाची उदासी, हीही कारणं. आणि टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम, घटणारं वजन, तर थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. झारखंडमध्ये 2019 पासून तीन वर्षं एक मोठा अभ्यास झाला. टीबीच्या रुग्णांना औषधांबरोबर दरमहा तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, आणि काही घरांत रुग्णाच्या कुटुंबालाही शिधा दिला. ज्यांच्या घरी शिधा गेला त्या घरच्यांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी निघालं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूही पुष्कळ कमी झाले. 2023 मध्ये ते प्रसिद्ध झालं. साधा शिधा, पण काम केलं त्यानं. आपल्याकडे टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला मिळणारे पाचशे रुपये नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले आहेत, ते थेट बँक खात्यात येतात. माझ्या काउंटरवर येणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं. त्या पुडीवाल्याचा नंबर मात्र पाठ असतो.

आता ज्यांना आजार नाही, नुसतं वजन कमी आहे, त्यांचं. आमच्याच तालुक्यातल्या वैराग भागातल्या एका गावातून कॉलेजला येणारी मुलगी. उंची पाच फूट दोन इंच, वजन 41. तिच्या उंचीला किमान 46 हवं. आई म्हणे, ‘खाती की भरपूर, लागतच न्हाई अंगाला.’ हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासून झालं. हिमोग्लोबिन कमी होतं, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, बाकी सगळं ठीक. मग तिला दिवस विचारला. सकाळी सहाची एसटी. निघताना चहा. डबा दुपारी दोनला, तोही एक भाकरी आणि भाजी, कारण मैत्रिणींसमोर जास्त काढायला लाज वाटते. घरी आल्यावर पुन्हा चहा-खारी. रात्री सगळ्यांचं झाल्यावर आईबरोबर उरलंसुरलं. त्यात सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी. मला तर यात भरपूर कुठेच दिसलं नाही. उपवासाच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही, पण 41 किलोच्या मुलीनं आठवड्यातले दोन दिवस उपाशी राहू नये, एवढं तिच्या आजीलाही पटलं.

तिला जे सांगितलं त्यात नवं काही नाही. वजन नीट चढवायचं तर रोज तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त जायला हव्यात. महिन्याला एक-दीड किलो चढलं तरी पुष्कळ, आणि त्याहून कमी चढलं तरी बिघडत नाही. अडचण अशी की ज्वारीची भाकरी पोट लवकर भरते, दुसरी भाकरी खाच म्हटलं तर पोरगी रडेल. म्हणून भाकरी तेवढीच ठेवून तिच्यावर जे पडतं ते वाढवायचं. मोठा चमचाभर तेल किंवा तूप म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी, आणि पोटात जागा काहीच लागत नाही. आपली शेंगाची चटणी चिमूटभर घेतात, ती चांगली दोन चमचे घ्यायची, वर तेल. भाजीत, आमटीत कूट. सकाळच्या एसटीत पिशवीत मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा: पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि वीस ग्रॅम गूळ झाले साडेतीनशेच्या वर, त्यात बारा ग्रॅम प्रथिनं. संध्याकाळच्या खारीऐवजी केळं, रात्री म्हशीचं दूध पेलाभर. दूध आणि केळं एकत्र घ्यायला आमच्या घरातल्या थोरल्यांचा विरोध असतो. नका घेऊ एकत्र. खारीच्या जागी केळं आणि झोपताना दूध, वाद मिटला.

चहा जेवणाच्या तोंडावर नको, त्यानं भूक मरते आणि जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. जेवायच्या आधी तांब्याभर पाणी नको. अंडं चालत असेल तर रोज एक-दोन. नाही तर डाळ घट्ट हवी. आपल्याकडची आमटी चवीला झकास असते, पण पुष्कळदा त्यात डाळ शोधावी लागते. हरभरे, मटकी, हुलगे भिजवून, दही रोज. आणि वडापाव, वेफर्स, कोल्ड्रिंकनं वजन वाढवू नका. काटा पुढे जाईल, पण सगळं पोटावर बसेल.

यात एक गोष्ट मुलींना पटत नाही: व्यायाम. वजन वाढवायचंय आणि व्यायाम कसला, म्हणतात. जास्तीचं खाल्लेलं स्नायूंत जावं असं वाटत असेल तर स्नायूंना काम हवं. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची भरलेली घागर उचलणं, आठवड्यात तीन दिवस, हळूहळू वाढवत. त्यानं भूकही लागते. पळणं थोडं कमी केलं तरी चालेल.

ती मुलगी पाच महिन्यांत 45 वर गेली. मधल्या परीक्षेत एक किलो उतरलं, पुन्हा चढलं. आता डबा तिच्या मैत्रिणीही खातात, त्यामुळे तो मोठा न्यावा लागतो, अशी आईची तक्रार आहे. सगळ्यांचं असं सरळ होत नाही. माझ्या शेजारणीचा मुलगा हे सगळं करूनही अजून काडीसारखाच आहे, पण दोन पोती खत एका दमात गाडीत टाकतो. त्याला मी आता काही सांगत नाही.

देशात 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांमध्ये जवळपास एकोणीस जणींचं वजन उंचीच्या मानानं कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं आहे. म्हणजे आपल्या छोट्या जाहिरातीला गिऱ्हाईक भरपूर आहे, आणि त्यातल्या पुष्कळजणी सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या आहेत. त्यांच्याकडे पुडीसाठी पाचशे रुपये कुठून येतात, हे मी पाहिलं आहे. बचत गटाच्या हप्त्यातून येतात.

जाहिरातींवर पेपर चालतो, हे मला कळतं. माझं दुकानही विक्रीवरच चालतं. पण औषधांबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात 1954 च्या कायद्यानं मना आहे, आणि त्यात छापणाऱ्याकडेही बोट जातं. माझी मागणी फार नाही. वजन वाढवण्याची जाहिरात घेताना आपल्या जाहिरात विभागानं तीन गोष्टी मागाव्यात: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक किंवा खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक, आणि वेष्टनावरची घटकांची यादी. हे तिन्ही जो देईल त्याची जाहिरात खुशाल छापा. पुढच्या रविवारच्या पानावर ती चौकट पुन्हा दिसली, तर कात्रण आणि एका गिऱ्हाइकानं आणून दिलेली पुडी मी अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात नेऊन देणार आहे. ते आधी आपल्याला कळवावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली,
एक औषधविक्रेती, बार्शी
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)